खाडीपलीकडची गोळी

सरकारी पगार घेणाऱ्या एका साहेबाने माझ्या बाबांना फसवलं, आणि त्या व्यवहारात मी साहेबाच्या बाजूने सही केली. पहिली गोष्ट मी गेली कित्येक वर्षं न्हावा शेव्यापासून पेणपर्यंत मिळेल त्याला सांगत आले आहे. दुसरी आज पहिल्यांदा लिहिते आहे. साहेबाचं नाव आणि गावाचं नाव लिहू नका, असं माझा वकील म्हणतो. वकिलाला मी फुकटची फी देत नाही, म्हणून त्याचं ऐकते.

आमचं गाव खाडीच्या अलिबागच्या अंगाला, रेवसच्या आत, जिथे मोठ्या खाडीला एक बारकी खाडी येऊन मिळते त्या गाळात. घराच्या मागे मिठागर, पुढे धक्का. धक्का म्हणजे दगडांची एक रांग. बाबा, हिराजी तांडेल, त्या धक्क्यावरून पलीकडे माणसं नेणारी तर चालवायचे. तर म्हणजे इंजिन बसवलेली रुंद होडी, वीस माणसं, चार पाट्या मासळी आणि एखादी बकरी मावेल एवढी. त्या इंजिनाचा टपटप आवाज आमच्या घरचं घड्याळ होता. आवाज जवळ आला की आये तव्यावर भाकरी टाकायची. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, वालाचं कालवण, आणि हंगामात ठेचलेला पांढरा कांदा. ओहोटीला खाडी उघडी पडली की आम्ही पोरी गुडघाभर चिखलात निवटे आणि चिंबोऱ्या धरायचो आणि संध्याकाळी धक्क्यावर उतरणाऱ्यांना विकायचो. घासाघीस मी तिथे शिकले. मुठीत चिंबोरी धरून जिने भाव टिकवला तिला पुढे कुणीही पाडू शकत नाही. आज माझे अकरा ट्रेलर बंदरात फिरतात ते त्या चिखलाच्या शाळेवर. दुसरी शाळा मला फार मिळाली नाही.

बाबा दारू प्यायचे. आमच्याकडे हे सांगण्यासारखं काही नसे, तो माणूस डावखुरा आहे असं सांगावं तितपत. पण बाबांची वाढत गेली. सकाळी पहिली फेरी मारायच्या आधी हात कापायचे ते थांबवायला एक पेला, मग हात थांबले म्हणून दुसरा. दारू आमच्या गावात ज्या सोयीने पोचे तशी दुसरी कुठलीही वस्तू पोचत नव्हती. टपाल आठवड्याने यायचं, नर्सबाई महिन्याने, आणि दारूवाली सीताबाय दिवसातून दोनदा. भरती असो, ओहोटी असो, ती डोक्यावर कॅन घेऊन चिखल तुडवत यायची. गिऱ्हाईक आजारी असलं तर उशाशी ठेवून जायची, आणि वर विचारायची, "ताप उतरला काय रं?" असा दवाखाना मी नंतर मुंबईतही पाहिला नाही.

मी अठराची असताना बाबांनी एक वऱ्हाड चिखलात रुतवलं. पाणी उतरायला लागलंय हे होडी हाकणाऱ्या तांडेलाला पाण्याच्या रंगावरून कळतं, पण त्या दिवशी बाबांना रंग दिसत नव्हते. तर मधेच बसली. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, करवल्या, वाजंत्री, सगळे सहा तास उन्हात. पुढे चिखल, मागे चिखल. मुहूर्त टळला. वाजंत्र्यांनी आधी राग म्हणून आणि मग वेळ जाईना म्हणून वाजवलं. आजही आमच्याकडे कुणाचं लग्न अडलं की "हिराजीच्या तरीत बसलाय" म्हणतात. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. धक्क्याचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी बाबांना बोलावलं. त्यांत थोरले धर्माकाका, मितभाषी म्हातारा. ते म्हणाले, "हिराजी, तुझ्या हाताखाली आमची पोरं पान्यावर जातात. दारू सोडल्याचा कागद आन. दसऱ्याच्या आत आन. न्हाय आनलास तर सुकाणू दुसऱ्याच्या हातात."

बाबांनी मान खाली घालून "व्हय" म्हटलं. मला ते आजही दिसतं. माझ्या बापाला सुकाणूखेरीज काही येत नव्हतं. जमीन नाही, मिठागर दुसऱ्याचं. तर गेली असती तर ते दिवसभर सीताबायची वाट बघत ओट्यावर बसले असते आणि वर्षभरात संपले असते. हे मला कळत होतं आणि, मुख्य म्हणजे, त्यांनाही कळत होतं.

कागद मिळण्याचं एक ठिकाण होतं. दारू सोडवायचं केंद्र. ते खाडीपलीकडे. आमचं गाव त्या केंद्राला जोडलं होतं, कारण तिथे बसणाऱ्या या साहेबाने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तेव्हा आमच्या धक्क्याला सगळ्यात जवळचं केंद्र तेच निघालं. खोटं नाही. गणपतीत पलीकडची आरती आमच्या ओट्यावर ऐकू यायची. फक्त पट्टी ज्या निळ्या रंगावरून गेली तो रंग म्हणजे पाणी असतं, आणि पाणी दिवसातून दोनदा निघून जातं, हे पट्टीवर लिहिलेलं नव्हतं. रस्त्याने जायचं तर पोयनाड, वडखळ, पेण करत अख्ख्या खाडीला वळसा, तीन गाड्या बदलायच्या. सकाळी पहिली गाडी पकडली तरी पोचेपर्यंत केंद्राला कुलूप. केंद्र दहा ते बारा उघडं असे.

उपचार साधा होता. रोज जायचं, रजिस्टरवर सही करायची, गोळी समोर गिळायची, साहेब दोन चांगल्या गोष्टी सांगणार त्या ऐकायच्या. असे एकवीस दिवस सलग. ओळीने तीन दिवस चुकले की नाव कमी, पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी सुरुवात केली तेव्हा बीजेच्या आधीचे दिवस होते, दुपारी पाणी भरलेलं. बाबा स्वतःच तर हाकत जायचे, माणसं उतरवायचे, गोळी गिळायचे, माणसं घेऊन परत यायचे. रुग्णही तेच आणि रुग्णवाहिकाही तेच. घाम यायचा, ओकाऱ्या व्हायच्या, हात असे कापायचे की आयेने चहा बशीत न देता तांब्यात दिला. पण ते गेले. सीताबाय ओट्यावर आली तर आयेने तिला कोयता दाखवला.

मग पंचमी आली.

आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. पंचमी ते अष्टमी, दर पंधरवड्याला चार दिवस, दहा ते बारा या वेळात आमच्या बारक्या खाडीत पाणी नाही. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची, ओहोटी फार खाली जात नाही असं मोठ्या बंदरातले लोक सांगतील. त्यांनी आमचा गाळ येऊन बघावा. आता हिशेब करा. पंधरवडा पंधरा दिवसांचा, त्यातले चार गेले, राहिले अकरा. अकरा दिवसांत एकवीस दिवस सलग कसे भरायचे? आमच्या तीरावरचा कुणीही दारुडा त्या केंद्रात कधीही बरा होऊ शकत नव्हता. चंद्राचीच तशी सोय होती.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहाटेच्या पाण्यावर पलीकडे जाऊन दहापर्यंत थांबून पाहिलं. तर तिकडे अडकली, आणि इकडे कोळणींच्या पाट्या धक्क्यावर तापत राहिल्या. "तुज्या बापसाच्या गोलीपायी आमचा जवला कुजतंय गो," म्हणून त्यांनी मला धुतलं. दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा चिखलातून चालत मोठ्या खाडीच्या पात्रापर्यंत गेलो, तिथून एका मासेमाऱ्याच्या होडीतून पलीकडे, आणि पुन्हा चिखल. मांडीपर्यंत. बाबा दोनदा बसले, मी त्यांना दोनदा उपसून काढलं. पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. दारातल्या कंपाउंडरने आमच्या पायांकडे पाहिलं.

"पाय धुऊन या. आत फरशी आहे."

"नळ कुठं हाय?"

"नळाला पाणी चारला येतं."

बाबा हसले. त्या सगळ्या दिवसांत एकदाच हसले. मी हसले नाही. मी त्या कंपाउंडरच्या टेबलावरची बाटली उचलून त्यातलं प्यायचं पाणी बाबांच्या पायांवर ओतलं आणि त्यांना आत ढकललं. गोळी मिळाली. पण त्यानंतरचे तीन दिवस बाबा तापाने उठले नाहीत, आणि नाव कमी झालं.

बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बारा दिवस झाले, कारण मधे एक तिथी वाढली. बाराव्या दिवशी मी घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून साहेबासमोर नेलं. साहेब गोरा, मऊ बोलणारा, प्रत्येकाला "बसा ना" म्हणणारा. रागीट माणसाला असा माणूस सगळ्यात वाईट. घासाघीस करायला समोरच्याने निदान आवाज तरी चढवावा.

मी म्हटलं, "साहेब, चार दिवस वेळ बदला. पंचमी ते अष्टमी, तीन ते पाच. तेवढंच."

"ताई, शासन तिथीवर चालत नाही."

"मग गणपतीची सुट्टी कशावर देता?"

"ती वरून येते."

"बरं. मग चार गोळ्या घरी द्या. मी स्वतः घालीन तोंडात."

"रुग्णाच्या घरी गोळ्या देता येत नाहीत. दुरुपयोग होतो."

"दारू घरी येते ती चालते?"

"तो आमचा विभाग नाही."

"मग कंपाउंडरला पाठवा आमच्याकडे चार दिवस. जेवण आमचं. निवटे खाऊ घालीन."

"ताई, तो कसा येणार? ओहोटी असते ना."

हे वाक्य त्यांनी इतक्या काळजीने म्हटलं की माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

मी उठले. तेव्हा साहेब म्हणाले, "थांबा. तुम्हाला नक्की काय हवंय?" आणि इथे मी चूक केली. घासाघिशीत समोरचा हे विचारतो तेव्हा तो पडलेला असतो, असं मी चिंबोऱ्या विकताना शिकले होते. आपण खरं काय हवं ते सांगायचं असतं. मी म्हणायला हवं होतं, बाबा बरे व्हायला हवेत. मी म्हटलं, "दसऱ्याच्या आत कागद हवा."

साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. पुढच्या आठवड्यात वरून पाहणी येणार होती. केंद्र उघडून वर्ष होत आलं होतं आणि एकही माणूस एकवीस दिवस पुरे करून बाहेर पडलेला नव्हता. रजिस्टरात नुसती कमी झालेली नावं. त्यांना एक बरा माणूस हवा होता, मला एक कागद हवा होता. बारा दिवस बाबांचे खरे. उरलेले नऊ साहेब रजिस्टरात भरणार. बदल्यात बाबांनी पाहणीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून यायचं आणि दोन शब्द बोलायचे. मी शाल आणि नारळही वाढवून घेतला. कागदावर नुसतं हिराजी नको, हिराजी तांडेल लिहा, हेही घेतलं. नातेवाईक म्हणून खाली सही केली आणि मोठा सौदा मारल्यासारखी घरी आले.

बाबा जाळं शिवत बसले होते. हात पूर्वीसारखे कापत नव्हते. मी सांगितलं तसं सुई थांबली.

"पन माजे बाराच झालेत बाय. नऊ ऱ्हायलेत."

"नऊ साहेबांनी भरले, बाबा."

"त्यानी कशे भरले? दारू मी पितो, तो कशी सोडंल?"

"कागद मिळाला ना. सुकाणू राहिलं ना."

आये चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोरीनं काम बेस केलंन. आता आनखी काय पायजे तुमाना?" बाबांनी सुई पुन्हा जाळ्यात घातली. गाठ मारत म्हणाले, "तेरावा दिस जाम कठीन हाय, असा मना वाटतंय."

पाहणी झोकात झाली. बाबांना हार घातला. बोलायला उभं केलं तेव्हा ते माईकपासून दूर उभे राहून म्हणाले, "मी बारा दिस न्हाय घेतली." टाळ्या वाजल्या. साहेब पटकन पुढे होऊन म्हणाले, "एकवीस." बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, सभेतल्या माणसाला खोटं पाडू नये एवढी रीत त्यांना होती, आणि ते खाली बसले. दसऱ्याच्या चार दिवस आधी कागद धर्माकाकांच्या हातात पडला. काकांनी तो उलटसुलट पाहून देवळातल्या पेटीत ठेवला.

आणि त्यानंतर, पाणी दुपारचं झालं त्या पहिल्या दिवशी, माझे बाबा कुणालाही न सांगता आपली राहिलेली नऊ दिवसांची गोळी घ्यायला गेले. रांगेत उभे राहिले. कंपाउंडरने रजिस्टर उघडलं.

"तांडेल, तुम्ही बरे झालात."

"न्हाय झालो."

"इथे लिहिलंय. बऱ्या माणसाला गोळी देता येत नाही."

"माज्या अंगात काय हाय ते मना कलतंय का तुज्या वहीला?"

"वहीला," कंपाउंडर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. बाबांनीच मला हे सगळं सांगितलं, आणि त्याने चहा पाजला हेही सांगितलं. परत येताना बाबांनी तर नीट आणली. सगळी माणसं नीट उतरवली. दोरखंड नीट बांधलं. मग ओट्यावर बसून सीताबायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी पलीकडे गेले आणि साहेबाच्या टेबलावरचं जे हाताला लागलं ते फेकलं. पेपरवेट, शाईची बाटली, वरून मिळालेलं प्रशस्तिपत्रक. साहेब रागावले नाहीत. "बसा ना," म्हणाले. नवी केस म्हणून घ्यायचं तर जुनी केस खोटी होती असं लिहावं लागेल, आणि जुन्या केसवर तुमची सही आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. दुसऱ्या केंद्रात न्यायचं तर या केंद्राची चिठ्ठी लागेल. बऱ्या झालेल्या माणसाला चिठ्ठी कसली द्यायची? आणि तसं तुम्हाला जवळ हेच केंद्र आहे, असं म्हणून त्यांनी सवयीने नकाशाकडे बोट दाखवलं.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. पहिली तीन वर्षं त्यांचं सुकाणू टिकलं. पेटीतल्या कागदावर ते दारू सोडलेले होते, आणि कागद खोटा म्हणायचा तर पंचांना स्वतःलाही काही म्हणावं लागलं असतं. नंतर सुकाणू गेलंच. शेवटी रक्ताची उलटी झाली तेव्हा भर दुपार होती आणि खाडीत पाणी नव्हतं. जीपमध्ये घालून पोयनाडकडून निघालो. वडखळच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. तिथे, एका सिमेंटच्या ट्रकच्या मागे, माझ्या मांडीवर ते गेले. पुढे मी त्याच रस्त्यावर माझे ट्रेलर चालवले. त्या नाक्यावर मी गाडीची काच वर करते आणि चालकाला गाणी बंद करायला लावते. तो समजतो मालकीणबाई चिडली. बरोबरच समजतो.

आता खाडीवर पूल होणार म्हणतात. मी लहान होते तेव्हाही म्हणत होते. माझ्या चालकांपैकी दोघे पितात, त्यांना मी पदराला खार लावून पनवेलला पाठवते, कारण पलीकडचं केंद्र अजून आहे, नवा रंग दिलेला, आणि वेळ दहा ते बारा आहे. गेल्या वर्षी मी आत जाऊन पाहिलं. भिंतीवर जुन्या फोटोंची रांग आहे. पहिल्या फोटोत हार घातलेला माझा बाप आहे, तोंड अर्धं उघडं, बारा म्हणताना. खाली लिहिलंय, आमचे पहिले यशस्वी रुग्ण.

तिथून मी थेट साहेबांकडे गेले. ते निवृत्त होऊन चौलच्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाडीत राहतात. म्हणाले, "बसा ना." कोकम सरबत दिलं. बाबांची आठवण काढली, डोळेसुद्धा ओले केले. "तुमच्या वडिलांमुळे ते केंद्र बंद पडलं नाही, ताई." मी विचारलं, ते नऊ दिवस तुम्ही कोणत्या शाईने भरलेत? ते म्हणाले, जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं. मी सरबत प्यायले नाही. माझ्या आयुष्यात फुकटची वस्तू सोडल्याची ती एकच नोंद असेल.

म्हणून इथे छापून विचारते. साहेब, तुमची वाडी आमच्याकडून गाडीने तासाभरावर आहे, आणि मी दुपारी बारानंतरही येऊ शकते. त्या नऊ दिवसांच्या नऊ सह्या तुमच्या अक्षरात आहेत, मी पाहिल्यात. माझी सही एक होती, ती मी चारचौघांत कबूल केली. तुमच्या नऊ कोण कबूल करणार? फोटोखालची ती ओळ कोण खोडणार? मला दिलगिरी नको, सरबत नको. तेराव्या दिवशी माझ्या बापाला गोळी का मिळाली नाही, याचं उत्तर हवं. द्या.